डिझेलशी सोयरीक

गेल्या श्रावणातला एक रविवार. सकाळचे सात वाजले होते, पाऊस नुकताच थांबला होता, आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच खाली हॉर्न वाजला. भाचा आपली नवी कोरी डिझेल एसयूव्ही घेऊन उभा होता. खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाला, ‘‘मामा, चला लवकर. काजळी जाळायची आहे.’’

काजळी म्हटले की आमच्या पिढीला कंदिलाची काच आठवते. रात्री वात नीट कापलेली नसली तर ती काळी व्हायची आणि सकाळी आई राखेने पुसायची. भाच्याची काजळी वेगळी होती. चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या त्याच्या गाडीत दोन दिवसांपासून एक पिवळा दिवा लागत होता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितले, की धुराच्या नळीत काजळी अडवणारा जो फिल्टर असतो तो भरत आला आहे. गाडी हमरस्त्यावर न्या, वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने चालवा, म्हणजे फिल्टर तापेल आणि काजळी आतल्या आत जळून जाईल. थोडक्यात, गाडीला अपचन झाले होते आणि वैद्याने शतपावली सांगितली होती.

‘‘कुठे जायचे?’’ मी विचारले.

‘‘कुठेही. नाशिक रस्त्याला लागू.’’

त्याच आठवड्यात मला नारायणगावला जायचे होते. का, ते पुढे सांगतो. मी पायांत चपला सरकवल्या आणि गाडीत चढलो. ‘चढलो’ हाच शब्द बरोबर आहे. या गाड्यांत बसता येत नाही, चढावे लागते.

गाडी घेण्याआधी भाच्याने माझा सल्ला विचारला होता. मी आयुष्याची एकतीस वर्षे बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी कर्ज विभागात. शेकडो जीपगाड्या, टेम्पो, पिकअप आणि ट्रॅक्टर यांच्या कर्जांवर माझी सही आहे. त्यामुळे नातेवाइकांचा समज असा, की मला गाड्यांतले कळते. वस्तुस्थिती अशी, की मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. बँक अधिकाऱ्याला गाडीचे कागद कळतात, गाडी कळत नाही. हा फरक मला फार उशिरा समजला, आणि तो समजण्याची किंमत दुसऱ्याच एका माणसाने मोजली.

पण हिशेब मात्र येतो. मी भाच्याला विचारले, ‘‘महिन्याला गाडी किती चालणार?’’ घर कोथरूडला, कचेरी नऊ किलोमीटरवर, तीही आठवड्यातून तीनच दिवस. बाकी मंडई, नाटक, लग्नकार्ये. महिन्याला फार तर पाचशे किलोमीटर. वर्षातून दोनदा कोकण. म्हणजे वर्षाला आठ हजार. आता पाकिटाच्या पाठीवरचा हिशेब बघा. समजा, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर. त्याच गाडीचे पेट्रोल इंजिन लिटरला १२ किलोमीटर जाते, डिझेल १६. पेट्रोलला किलोमीटरमागे ८ रुपये ६७ पैसे पडतात, डिझेलला ५ रुपये ६३ पैसे. वाचतात तीन रुपये. डिझेलची गाडी दीड लाखाने महाग. म्हणजे पहिले पन्नास हजार किलोमीटर तुम्ही फक्त ते दीड लाखच फेडत असता. भाच्याच्या वेगाने त्याला सहा वर्षे लागतील. त्या दीड लाखावरचे कर्जाचे व्याज धरले तर सात-आठ. मग कुठे डिझेलचा पहिला रुपया खिशात पडायचा.

भाच्याने पाकीट उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, ‘‘मामा, हिशेब बरोबर आहे. पण डिझेलची ओढ वेगळीच असते हो.’’ आणि दुसऱ्या दिवशी जाऊन डिझेल बुक करून आला.

त्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. डिझेलबद्दल आपल्या मनात जो आदर आहे तो काही एका दिवसात बसलेला नाही. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला, पण डिझेल पुरते मोकळे व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. शेतकऱ्याला, मालमोटारीला, एस.टी.ला ते स्वस्त मिळावे हा हेतू. २०१२च्या मे महिन्याच्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेले होते आणि डिझेल ४१च्या आसपास होते. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! शेतकऱ्यासाठी मांडलेल्या पंगतीत शहरातला बंगलेवाला ताट घेऊन बसला नसता तरच नवल. त्या काळात ज्याने त्याने डिझेल घेतले, आणि ‘डिझेल म्हणजे शहाणपण’ हे घराघरात पक्के झाले.

पुढे भाव मोकळे झाले, फरक आटला, पण समज आटला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. गंमत अशी, की तेव्हा महिंद्राने आपल्या २.२ लिटरच्या इंजिनाचे १.९९ लिटरचे रूप बाजारात आणले. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित अधिभार लावून बंदी उठली. नंतर १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६चे नियम आले, डिझेलमधले गंधक दशलक्षात पन्नास भागांवरून दहा भागांवर उतरले, आणि मारुती सुझुकीने तर डिझेल गाड्याच बंद केल्या. लहान गाडीत डिझेल इंजिन आणि त्याचा धूर गाळणारा सरंजाम बसवणे परवडेना. हा सरंजाम म्हणजेच भाच्याचा तो पिवळा दिवा.

इंजिनाचा स्वभाव

मुलगी पाहायला जाताना आपण घराणे, शिक्षण, रंगरूप पाहतो आणि स्वभाव विचारायचा विसरतो. इंजिनाचेही तसेच होते. शोरूममधला तरुण आपल्याला अश्वशक्ती सांगतो, सनरूफ दाखवतो. स्वभाव कुणी सांगत नाही. तो गाडी दारात आल्यावर कळतो.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नको. त्याच्या नळकांड्यात हवा मूळ जागेच्या साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्शात दाबली जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला चटका देतो, त्याचेच हे अक्राळविक्राळ रूप. दाबाने हवा इतकी तापते, की त्यात डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेटते. हा दाब सोसायचा म्हणून इंजिन जड, जाड आणि महाग. फवारा अचूक पडला पाहिजे म्हणून पंप आणि नोझल हा त्याचा जीव. तो पंप-नोझल बिघडला की बाकी सगळे इंजिन धडधाकट असून मुडद्यासारखे पडते.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. मोठ्या कारखानदाराच्या वाफेच्या यंत्रापुढे लहान कारागीर टिकत नाही, त्याला परवडेल अशी शक्ती मिळावी, ही त्याची कळकळ होती. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीत नाहीसा झाला. त्याची इच्छा पुरी झाली की नाही ते बघायला त्याने आपल्याकडे यायला हवे होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातल्या विहिरी-विहिरींवर तिची इंजिने धडधडू लागली. ज्यांचे बालपण मळ्यात गेले त्यांना तो आवाज अजून झोपेत ऐकू येत असेल. पाच अश्वशक्तीचे इंजिन, पण दिवसदिवस पाणी ओढायचे आणि कुरकुर करायचे नाही.

‘ओढणे’ हाच शब्द महत्त्वाचा. अश्वशक्ती आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढीला अभियंते टॉर्क म्हणतात. आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला हे समजवावे लागत नाही, कारण त्याने शर्यतीचा बैलही पाहिलेला असतो आणि नांगराचाही. शर्यतीचा बैल काही सेकंदांत डोळ्यांसमोरून जातो, पण त्याला नांगराला जुंपत नाहीत. डिझेल इंजिन हा नांगराचा बैल. फार न फिरता, म्हणजे मिनिटाला चौदाशे-पंधराशे फेऱ्यांतच, ते आपली बहुतेक ओढ देऊन मोकळे होते. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओरडाआरडा न करता वर जाते ती यामुळे.

आता एक गमतीची तुलना करा. दीड टनाच्या आसपास माल वाहणारे जे पिकअप आपल्या बाजारपेठांतून धावतात, त्यांचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीचे असते. आणि माझा भाचा, वजन बहात्तर किलो, अधिक एक लॅपटॉप, अधिक जेवणाचा डबा, यांना कचेरीत नेणारे इंजिन पावणेदोनशे अश्वशक्तीचे आहे! जो वाहतो त्याला पंचाहत्तर पुरतात, आणि ज्याला काही वाहायचे नाही त्याला पावणेदोनशेही कमी वाटतात. आपल्या समाजाची घडी समजून घ्यायला मला याहून चांगले कोष्टक कुठल्याही ताळेबंदात सापडलेले नाही.

बरे, नांगराच्या बैलाला गोठ्यात बांधून ठेवले तर तो आजारी पडतो. नऊ किलोमीटर जायचे, त्यात चौदा सिग्नल, इंजिन धड तापतही नाही तोवर बंद करायचे. धुराच्या नळीतला फिल्टर काजळी साठवतो आणि ती जाळायला त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती हमरस्त्यावर मिळते, कर्वे रस्त्यावर मिळत नाही. म्हणून मग रविवारी सकाळी, इंधन वाचवणारी गाडी म्हणून घेतलेली ती गाडी, केवळ काजळी जाळण्यासाठी इंधन जाळत नाशिक रस्त्याने निघते. राजगुरुनगर मागे पडले तेव्हा दिवा विझला. भाचा खूश झाला. मी गप्प होतो, कारण नारायणगाव जवळ येत होते.

एक किल्ली आणि एक पोच

१९९८ची गोष्ट. मी तेव्हा त्या भागातल्या एका शाखेत शेती-कर्जाचा अधिकारी होतो. एक टोमॅटोवाला शेतकरी पिकअपच्या कर्जासाठी आला. चाळिशीचा, अबोल, व्यवहाराला चोख. त्याने आणलेले कोटेशन एका जुन्या धाटणीच्या गाडीचे होते. हळू चालणारे, आवाज करणारे, धूर ओकणारे डिझेल इंजिन. मी तेव्हा नुकताच शहरातून बदलून आलेला, टेबलावर दोन-तीन कंपन्यांची चकचकीत माहितीपत्रके. त्यांतली एक गाडी नवीन होती. वीस अश्वशक्ती जास्त, वेग जास्त, दिसायला देखणी. किंमत चाळीस हजारांनी अधिक.

मी त्याला हिशेब मांडून दाखवला. या गाडीने वाशीची फेरी तासभर आधी होईल, बाजारात लवकर पोचाल, आठवड्याला तीनऐवजी चार फेऱ्या बसतील, वरचे चाळीस हजार एका हंगामात निघतील. तो म्हणाला, ‘‘साहेब, ती जुनी बरी होती. आळेफाट्याचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो.’’ मी हसलो. ‘‘नवीन गाडी कशाला खोलायला लागते?’’ तो थोडा वेळ माझ्या टेबलावरच्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘तुम्ही सांगताय तर घेऊ की.’’

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. बँकेत टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाचे मत हे मत नसते, ती अट असते. हे मला तेव्हा कळत नव्हते.

पहिला हंगाम छान गेला. दुसऱ्या वर्षी ऐन तोडणीत, ओतूरच्या पुढे, गाडी बंद पडली. डिझेलचा पंप गेला होता. आळेफाट्याच्या मिस्त्रीने झाकण उघडले, पाहिले आणि हात जोडले. पंप वेगळ्या जातीचा होता. गाडी ओढत पुण्याला नेली. तिथल्या पंप-नोझलवाल्याने सांगितले, सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल. अकरा दिवस गेले. टोमॅटो अकरा दिवस थांबत नाही. त्याने भाड्याच्या गाडीने काही माल पाठवला, काही बांधावर ओतला. त्यानंतर भाव पडले. मग हप्ते थकले. दोन तिमाही उलटल्या आणि नियमानुसार नोटीस निघाली. खाली सही माझी.

जप्तीची वेळ त्याने येऊ दिली नाही. एक दिवस स्वतः गाडी चालवत शाखेत आला. गाडी धुतलेली होती. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘पोच द्या.’’ मी पोच लिहून दिली. त्याने ती घडी करून टोपीत ठेवली आणि निघून गेला. त्याला चहा विचारावा हेही मला सुचले नाही.

पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. एकीत बँक आहे, एकीत घाट आहे. हा माणूस मात्र मी कधी लिहिला नाही. लिहायला बसलो की शेवटी मी स्वतःला सोडवून घेत असे.

कर्जाचा अर्ज तेव्हा बारा पानी असायचा. जमीन किती, जामीनदार कोण, विमा कुठला, सगळ्याला रकाने. ‘ही गाडी दुरुस्त कोण करणार आणि तो किती अंतरावर आहे?’ याला रकाना नव्हता. त्या शेतकऱ्याने तो रकाना स्वतःहून तोंडी भरला होता, आणि मी हसून खोडला होता.

मिस्त्री कुठला?

आणि या आषाढात मला एक फोन आला. ‘‘तुम्ही आमच्या वडिलांना गाडीचं कर्ज दिलं होतं ना?’’ माझ्या पोटात गोळा आला. पण मुलाच्या आवाजात राग नव्हता. त्याला पिकअप घ्यायचे होते, शाखेतल्या कुणीतरी माझा नंबर दिला होता. कुठले इंजिन घ्यावे, मोठे घ्यावे का, हे त्याला विचारायचे होते. फोनवर सांगण्यासारखे नव्हते. म्हणून काजळीचे निमित्त मला बरे सापडले.

अंगणात गाडी थांबली. म्हातारबा पडवीत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, पण नजर तीच. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. म्हणाले, ‘‘साहेब, चहा घेणार ना?’’

मी मान हलवली. त्याहून जास्त काही मला जमले नाही.

चहा होईपर्यंत म्हातारबा उठून भाच्याच्या गाडीभोवती फिरले. बॉनेट उघडायला लावले. आत सगळ्यावर एक काळे प्लॅस्टिकचे झाकण. ‘‘याचा मिस्त्री कुठला?’’ त्यांनी विचारले. भाचा म्हणाला, ‘‘कंपनीत न्यावी लागते. ते लॅपटॉप लावून बघतात.’’ ‘‘जवळ हाय का कंपनी?’’ ‘‘घरापासून दोन किलोमीटर.’’ ‘‘मग झालं,’’ म्हातारबा म्हणाले आणि बॉनेट अलगद खाली घेतले. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, ‘‘ती आपली गाडीबी चांगली होती, साहेब. पण तिचं माहेर लांब होतं.’’

मी मुलाला घेऊन बसलो. या वेळी माहितीपत्रक बाजूला ठेवले आणि आधी प्रश्न विचारले. माल किती भरणार? सत्तर क्रेट. वीस किलोचा एक क्रेट, म्हणजे चौदाशे किलो. ‘‘खरे सांग, सत्तरच?’’ तो हसला. ‘‘कधी शंभर.’’ म्हणजे दोन टन. त्याला वाटत होते, की शंभर क्रेटसाठी मोठे इंजिन हवे. खरे तर त्याला हवे होते ते जास्त वजनाला मंजूर असलेले पिकअप. मागचा धुरा, पाटे, टायर, ब्रेक हे सगळे त्या वजनाला बेतलेले हवे. नारायणगावहून वाशीला माळशेजने जाताना भरलेली गाडी घाट उतरते, चढत नाही. तिथे ओढणारे इंजिन नव्हे, तर थांबवणारे ब्रेक आणि खालच्या गिअरची शिस्त प्राण वाचवते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम काही उगाच नाही. इंजिन तेच ठेवून वजनाची मंजुरी कमी-जास्त असलेली पिकअप बाजारात मिळतात. पैसे घालायचे तर त्यात घालावेत.

दुसरा प्रश्न, रोज किती किलोमीटर? हंगामात आठवड्याला दोन-तीन वाशी, एका वेळचे दीडशे किलोमीटर. एरवी मळा ते नारायणगावचा बाजार, बारा किलोमीटर. वाशीमुळे त्याचे डिझेल रास्त ठरते. नुसताच मळा ते बाजार असता, आणि सीएनजीचा पंप जवळ असता, तर मी त्याला डिझेल घेऊ दिले नसते. कमी अंतरासाठी आता विजेवर चालणारी मालवाहू वाहनेही आली आहेत. डिझेलला लांबचा रस्ता आणि पाठीवर वजन लागते. दोन्ही नसतील तर त्याचा मोह सोडावा.

तिसरा प्रश्न म्हातारबांचा. मिस्त्री कुठला? आताची इंजिने १९९८पेक्षा कितीतरी नाजूक आहेत. कॉमन रेलमध्ये डिझेल हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजारपट दाबाने फवारते. भेसळीचे डिझेल किंवा पाण्याचा अंश तिथे चालत नाही. पण मुलाने सांगितले, की आळेफाट्याच्या त्या मिस्त्रीचा नातू आता स्कॅनर ठेवतो आणि जे पिकअप घ्यायचे त्याची तालुक्यात शेकड्याने गिऱ्हाइके आहेत. मग माझी हरकत संपली. ज्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या गावी टांगलेले दिसतात, त्याच्यात दहा अश्वशक्ती कमी असली तरी ते घ्यावे.

एक ताकीदही दिली. धूर शुद्ध करण्यासाठी काही नव्या डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते आणि संपले तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. शेतातला युरिया बादलीत कालवून तिथे ओतण्याचे शहाणपण करू नये. यंत्रणा बाद होते आणि खर्च हजारांत जातो. मुलगा ओशाळून हसला, तेव्हा माझ्या लक्षात आले, की हा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता.

चौथा प्रश्न माझ्या जुन्या खुर्चीचा. हप्ता कधी? टोमॅटोचे पैसे बारा महिने येत नाहीत, मग हप्ता बारा महिने सारखा कसा? हप्ते हंगामाशी जुळवून मागावेत, बँकेला ते जमते. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. त्यात वाचलेले पैसे सजावटीत घालू नका, पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, असे मी त्याला नंतर फोन करून सांगितले.

आता सर्वांसाठी दोन शब्द. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. नव्या गाड्यांचा धूर पुष्कळ गाळलेला असतो, पण गाळणी भरली, किंवा कुणी कटकट नको म्हणून ती काढूनच टाकली, तर तो धूर रस्त्याकडेला भाजी विकणारीच्या आणि शाळेतून येणाऱ्या पोरांच्या छातीत जातो. वाशीला टोमॅटो नेणाऱ्याचा धूर आपण समजू शकतो, त्यात आपल्या ताटातली कोशिंबीर आहे. शहरात नऊ किलोमीटरसाठी पाळलेल्या डिझेलचे मला तसे समर्थन सुचत नाही. भाचा माझा असला तरी.

आणि कंपन्यांकडे एक मागणे आहे. मायलेज मोठ्या अक्षरांत छापता, तसेच नोझलची, पंपाची आणि त्या फिल्टरची किंमतही त्याच पानावर छापा. बँकांनीही अर्जात एक रकाना वाढवावा. मी त्या मुलाच्या प्रकल्प अहवालात तो स्वतःच आखला: मिस्त्री, अंतर, सुटा भाग मिळायला लागणारे दिवस. त्याखाली लिहिले, ‘गाडी बंद राहण्याचे दिवस, वर्षाला पंधरा,’ आणि त्याचे नुकसान उत्पन्नातून वजा केले. शाखेतल्या तरुण मॅनेजर बाईंनी त्याला विचारले म्हणे, हे कुठल्या परिपत्रकात आहे? तो म्हणाला, आमच्या वडिलांनी सांगितले. कर्ज मंजूर झाले.

निघताना म्हातारबा गाडीपर्यंत आले. मी इतक्या वर्षांचे जे मनात होते ते कसेबसे बोललो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘‘ती पोच अजून ट्रंकेत हाय, साहेब. टाकवली न्हाई.’’ का ठेवली, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मुलाने टोमॅटोचा एक क्रेट आणून गाडीच्या मागे ठेवला. भाच्याच्या पावणेदोनशे अश्वशक्तीने त्या दिवशी पहिल्यांदाच वीस किलो माल वाहिला.